शकीला आपांची चौकशी

शकीला आपा दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह उघड्या हातानं घेत नसत. आधी पर्समधून रुमाल काढायच्या, तळहातावर पसरायच्या आणि म्हणायच्या, "ठेव यात." मग मेलेली पाल उचलावी तसा तो गुंडाळून टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि वर झाकण दाबून बसवायच्या. "आता सांग. कुणाचाय? तुला कुणी दिला? आणि त्याला कुणी दिला?"

रुमालानं व्हायरस अडत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी एकदा तसं म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "रुमाल पेन ड्राइव्हसाठी नाही गं. तुझ्यासाठी आहे. देणाऱ्याला जरा अपमान वाटला पाहिजे. पुढच्या वेळी विचारून आणशील."

मला अपमान वाटलाच. मी संघटनेची पत्रकं लिहिणारी पोरगी. आमच्या सभांची भाषणं त्या पेन ड्राइव्हमध्ये भरून, अंध मैत्रिणींपर्यंत पोचावीत म्हणून पायपीट करत रोशन गेटला त्यांच्या घरी गेले होते. चहा सोडाच, आधी उलटतपासणी. निघताना मी तणतणले, "आपा, आम्ही तुमच्या हक्कांसाठी लढतोय." त्या म्हणाल्या, "लढ ना. मना किसने किया? पण माझ्या हक्कासाठी लढताना माझ्या कम्प्युटरवर बसू नको." त्या दिवसापासून मी त्यांची 'परचेवाली', म्हणजे पत्रकंवाली, झाले. त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

आपांचे डोळे लहानपणीच्या तापात गेले. उभी नोकरी त्यांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. बिचारी, मनमिळाऊ, सोशिक, असले शब्द त्यांच्याबद्दल कुणी वापरलेले मला खपत नाहीत आणि त्यांना तर मुळीच खपले नसते. त्या आवाजानं खणखणीत, स्वभावानं तिखट, आणि रिक्षावाल्यानं वळसा घेतला की रस्त्यातल्या खड्ड्यांवरून ओळखून त्याचा बाप काढणाऱ्या होत्या. "डोळे गेलेत, डोकं नाही," हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत.

कारखान्यातली एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. बाहेरून फोन यायचा, "मी मोठा साहेब बोलतोय, अमक्याला लाइन दे." आपा गोड आवाजात म्हणायच्या, "जी साहेब, ठेवा. मी तुमच्या नंबरवर लावते." आणि आपल्याजवळच्या नंबरावर स्वतः फोन लावायच्या. समोरच्यानं दिलेल्या नंबरावर कधीच नाही. एकदा खरोखरच मोठा साहेब होता. तो इतका भडकला म्हणे की टेलिफोनची तार तापली. आपांचं त्यावरचं म्हणणं, "खऱ्या साहेबाला दोन मिनटं उशीर होतो, बस. खोट्याला आत सोडलं तर कारखाना जातो." या एका वाक्यावर त्यांनी पुढची सगळी कम्प्युटरविद्या उभी केली. बाकीचं त्यांनी निवृत्तीनंतर ऐकून ऐकून शिकून घेतलं.

सिडकोत अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलामुलींसाठी एका ट्रस्टचं अभ्यासकेंद्र आहे. आपा तिथं शिकवायला जायच्या. तिथल्या कम्प्युटरवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, पण त्यात धड आवाज होते इंग्रजीचे आणि हिंदीचे. मराठी मजकूर तो हिंदी आवाजच वाचायचा, आणि असा वाचायचा की गरम भजं तोंडात धरून बोलतोय. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातली सुनंदा तिथं तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. तिला कागद नाकाला लावला तर थोडं दिसतं, बाकी सगळा अभ्यास कानांनी. ती एकदा वैतागून म्हणाली, "आपा, ह्या बाबाला 'कळलं' म्हणता येत नाय. मंग मला काय कळंल?"

यावर उपाय होता. लातूरच्या दोन इंजिनिअर मैत्रिणींनी नोकरी सांभाळून मराठी आवाज तयार केला होता. फुकट. स्वच्छ मराठी, ळ सकट. पण तो अधिकृत ॲप स्टोअरमध्ये नव्हता. तिथं ठेवायचं तर नोंदणी, कागदपत्रं, दर बदलाला पुन्हा परवानगी. त्या दोघींना तेवढी सवड नव्हती. त्यांनी तो आपल्या वेबसाइटवर ठेवला. आपांनी तो केंद्रात बसवला आणि सुनंदाचा अभ्यास धावायला लागला.

मग एक उत्साही कार्यकर्ता आला. संघटना सोडून गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं आमच्यात म्हणतात, पण मी बोलणार. व्हॉट्सॲपवर कुणीतरी 'मराठी आवाज, फुल व्हर्जन' अशी फाइल फिरवली होती. सोबत सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा. या भल्या माणसानं मुलांवर उपकार म्हणून तो बंद केला आणि फाइल दोन कम्प्युटरांवर बसवली. त्या दोन्हींवरच्या मुलांच्या नोट्स गेल्या त्या गेल्याच. केंद्राच्या व्यवस्थापकांनी, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, दुसऱ्याच दिवशी सगळ्या कम्प्युटरना कुलूप घातलं. यापुढे फक्त स्टोअरमधलंच चालणार. खोट्या आवाजाबरोबर खरा आवाजही काढून टाकला. परीक्षा तोंडावर, आणि सुनंदाच्या कानात पुन्हा भजं.

"चोर आला म्हणून घरच्या माणसांनापण बाहेर काढलं," आपा म्हणाल्या.

मी पेटले. पेटणं हे माझं कामच आहे. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: 'कुलपं तोडा!' खाली तीन परिच्छेद मक्तेदारीबद्दल, आणि शेवटी कुलूप कसं काढायचं त्याची कृती. ते आपांना वाचून दाखवलं. आवाज चढवून, हात उडवून.

"झालं?" आपा म्हणाल्या. "आता फाड."

"का? खोटं आहे का यात काही?"

"खोटं नाही, अर्धं आहे. दरवाजा उघडणं अलग, चौकट उखडणं अलग. तू चौकट उखडायला सांगतीयस."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूनं?"

"मी कुणाच्या बाजूनं नाही, मी सुनंदाच्या बाजूनं." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तुझ्या घरी रिश्ता आला, तर मुलाची चौकशी कुणाकडं करतात? त्याच्या आईकडं? ती म्हणणारच, मेरा बेटा हीरा है. म्हणून शेजारी विचारतात, तो काम करतो तिथं विचारतात, किराणावाल्याला विचारतात. बरोबर? फाइल आली की तसंच करायचं. फाइल एका रस्त्यानं, तिची ओळख दुसऱ्या रस्त्यानं."

ही ओळख म्हणजे काय, ते इथं सांगते, कारण आमच्या पत्रकांतून आम्ही ते कधी सांगितलं नाही. कुठल्याही फाइलीवरून कम्प्युटर अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ काढून देतो. फाइलीत कुणी एक टिंब जरी बदललं तरी सगळी ओळच बदलते. आपा त्या ओळीला 'ठसा' म्हणायच्या. बनवणाऱ्यानं सांगितलेला ठसा आणि आपल्याजवळच्या फाइलीचा ठसा जुळला तर फाइल वाटेत कुणी बाटवलेली नाही. पण ठसा ज्या पानावर फाइल आहे त्याच पानावरून उचलला, तर ती आईकडची चौकशी झाली. पान बदलणारा ठसाही बदलू शकतो.

बाकीचे नियमही आपांच्या तोंडूनच ऐकावेत. अँटिव्हायरस बंद करायला लावणाऱ्या फाइलीबद्दल: "आधी तुमचं कुत्रं मारा, मग मी घरात येतो, असं म्हणणारा पाहुणा असतो का?" एकाच पानावर पाच-सहा ठिकाणी 'डाउनलोड' लिहिलेल्या वेबसाइटबद्दल: "एकाच नावाचे पाचजण दारात उभे राहिले की कुणालाच आत घेऊ नये. बनवणाऱ्याच्या घरी जावं." रोजच्या वापराच्या खात्याला कम्प्युटरची मालकी, म्हणजे काहीही बसवायची मुभा, न देण्याबद्दल: "तिजोरीची किल्ली कमरेला लावून बाजारात जातेस का?"

मी म्हटलं, "मग स्टोअरमधलं तेवढं सोवळं असतं का?"

"कुठलं! दुकानातपण डुप्लिकेट माल सापडतो. चौकशी सगळ्यांची. दुकानाची, लातूरच्या पोरींची, माझीपण. मी सांगते म्हणून काही बसवू नको, समझी?"

मी पत्रक फाडलं नाही. नवीन लिहिलं. मथळा आपांनीच दिला: 'आमचं यंत्र, आमची चौकशी'. त्यात बसवायची रीत होती आणि खाली मराठी आवाजाचा ठसा. जुन्या मोंढ्याजवळच्या छापखान्यातून गठ्ठे आले. आम्ही खूश. सुनंदानं एक पत्रक नाकाला लावलं, तळाशी गेली आणि म्हणाली, "आपा, ह्यो ठसा मराठीत आलाय."

"मराठीत म्हणजे?"

"म्हंजे क्षला अर्धा य, मंग नुसती वेलांटी, मंग आणखी कायतरी. वाचाय येत नाय."

छापखान्यात सगळी पत्रकं एकाच जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवतात. इंग्रजी अक्षरं त्यात घातली की त्यांच्या जागी जोडाक्षरांचा चिवडा उमटतो. लग्नपत्रिकेवरच्या ईमेलची हीच गत होते, पण लग्नाला कोण ईमेल करतं? आपा इतक्या हसल्या की काळा चष्मा काढून डोळे पुसले. मग हसू थांबलं. "खालची पट्टी फाड."

"एवढ्या सगळ्यांची? राहू द्या की आपा, ठसा कोण ताडून बघणार आहे?"

"जो बघेल तो फसेल. खोटा ठसा देण्यापेक्षा न दिलेला बरा." आम्ही फूटपट्टी धरून प्रत्येक पत्रकाचं बूड फाडलं आणि जिथं जिथं पत्रकं वाटली तिथं तोंडानं सांगितलं: ठसा हवा तर फोन करा, वाचून दाखवू. क्रांती चौकात लोकांनी विचारलं, पत्रक खालून उंदरानं खाल्लं का?

पण ते उंदरानं खाल्लेलं पत्रक वाचून साहेबांनी आम्हाला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, हे लिहिताना माझी लेखणी कुरकुरते, पण नव्हते. त्यांना पुन्हा मुलांच्या नोट्स गेलेल्या नको होत्या. म्हणाले, "सगळ्यांसमोर एकदा करून दाखवा. बिनधोक वाटलं तर बघू."

ठरलेल्या दिवशी केंद्राचा हॉल भरला होता. ट्रस्टची मंडळी, मुलांचे पालक, आम्ही. आपांनी आदल्या आठवड्यात लातूरच्या वेबसाइटवरून उतरवलेली फाइल पेन ड्राइव्हवर आणली होती, रुमालात गुंडाळून. सुनंदानं लातूरला फोन लावला. नंबर आपांनी त्या दोघींकडून प्रत्यक्ष भेटीत घेतलेला. स्पीकर सुरू केला. पलीकडून त्या दोघींतली एक ठसा वाचणार, इकडं कम्प्युटर फाइलीचा ठसा बोलणार आणि हॉल ऐकणार.

पलीकडून आवाज आला, "सात, डी..."

कम्प्युटर म्हणाला, "नऊ, बी..."

पहिलंच अक्षर जुळेना. पुढचंही. आपांनी पुन्हा म्हणायला लावलं. तेच. हॉलमध्ये खुर्च्या वाजायला लागल्या.

आणि तेव्हा साहेब, ज्यांनी कुलूप घातलं तेच साहेब, मायाळू आवाजात म्हणाले, "असू द्या हो आपा. उन्नीस-बीस होतंच. तुम्ही एवढी तयारी करून आलात, मुलंही आशेनं बसलीत. टाका बसवून."

मला वाटलं, जिंकलो! परवानगी मिळाली! सुनंदाही पुटपुटली, "आपा, बसवा ना. परीक्षा हाय माझी."

आपा उठून उभ्या राहिल्या. "साहेब, नियमानं नाही म्हणालात तेव्हा मी भांडले. आता दया करून हो म्हणताय, तर मीच नाही म्हणते. ठशात उन्नीस-बीस नसतं. जुळला तर जुळला. नाही जुळला, तर नाही बसवायचं."

"पण फाइल तुमचीच आहे ना? तुम्हीच आणलीत."

"म्हणून तर. माझी आहे म्हणून चालेल, असं आज म्हटलं तर उद्या कुणीपण म्हणेल, माझी आहे."

फोनवरची लातूरची मुलगी मध्येच बोलली, "आपा, तुमच्याकडं मागच्या आठवड्यातली असेल. आम्ही काल नवी टाकलीय. मी वाचतीय तो नव्या फाइलीचा ठसा."

"मग चूक माझी," आपा भर हॉलमध्ये म्हणाल्या. "निघायच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं. नवी आणते. पहिल्यापासून करू."

साहेबांची दया आटली होती. "आता पुढच्या महिन्यात बघू," म्हणून ते उठले. एक पालक मोठ्यानं म्हणाले, "एवढा तमाशा, आणि निघालं काय?" सुनंदा आपांशी न बोलता निघून गेली. मी रिक्षात आपांना म्हटलं, "हातात आलेलं घालवलंत." त्या म्हणाल्या, "हातात काय आलं होतं? भीक आली होती. भीक परत घेता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा केंद्रात साहेबांच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात नवी फाइल. शिपाई म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आपा म्हणाल्या, "चालू दे. मी टेलिफोनवाली आहे, होल्डवर बसायची सवय आहे." त्या रोज येऊन बसल्या. येणारा-जाणारा विचारायचा, आपा सांगायच्या. पाच-सहा दिवसांत अख्ख्या केंद्राला ठसा म्हणजे काय ते पाठ झालं. सुनंदा आधी लांबून जायची. एके दिवशी चहा घेऊन आली आणि बाजूला बसली. "आपा, त्या दिवशी लई राग आला होता." "यायलाच पाहिजे. राग ठेव. कामाला येतो."

शेवटी साहेबांनीच दार उघडलं. एका कम्प्युटरला परवानगी. केंद्रातलंच माणूस बसवणार, प्रत्येक वेळी लातूरला फोन करून ठसा ताडणार. आणि एक अट: पुन्हा एकदा जरी भलतं काही घुसलं, तर हाही कम्प्युटर बंद, कायमचा. तसं लेखी हवं होतं. शिपायानं सवयीनं शाईचा पॅड आपांपुढं सरकवला. आपांनी बोटांनी तो चाचपला, मागं ढकलला आणि पेन मागितलं. त्यांची सही ठसठशीत होती, ओळीच्या जरा वर चढलेली.

या वेळी ठसा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. सुनंदानं नव्या आवाजाला द्यायला पहिला शब्द टाइप केला. कम्प्युटर म्हणाला, "कळलं."

"अय हय!" आपा म्हणाल्या. "आता बोल त्याच्याशी."

सुनंदाची परीक्षा झाली. पुढच्या मुली त्या कम्प्युटरवर बसू लागल्या. फोन करून ठसा ताडायचं काम केंद्रानं सुनंदाकडंच दिलं.

त्या हिवाळ्यात आपा गेल्या. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या, असं त्यांच्या भाचीनं सांगितलं. केंद्रातल्या मुली रिक्षा करून रोशन गेटला आल्या आणि जिन्यात एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. टेबलावर तो स्टीलचा डबा होता. झाकण लावलेलं.

आठवडाभरात केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. वर आपांचा फोटो, भोवती फुलं. खाली मजकूर: 'आपांची शेवटची भेट. मराठी आवाजाची नवी आवृत्ती. लगेच बसवा आणि पुढं पाठवा. आपांसाठी एवढं कराच.' आणि फाइल. तो संदेश कुणी बनवला, कळलं नाही. पुढं पाठवणारा केंद्राचाच जुना विद्यार्थी, सरळ पोरगा; त्यानं रडत रडत पाठवला म्हणे. लोकांनी हात जोडले. कुणी लिहिलं, उद्या सकाळी केंद्रात बसवू, आपांच्या फोटोला हार घालून.

सुनंदानं लिहिलं, 'थांबा.' मग तिनं लातूरला फोन केला. त्या दोघी म्हणाल्या, आम्ही नवीन काही काढलेलं नाही. तिनं तेही ग्रुपवर सांगितलं. तरी लोक ऐकेनात. एक ताई चिडून म्हणाल्या, "अगं, आपांच्या नावानं आलंय. माणूस जाऊन आठवडा झाला नाही आणि तू आपांवर शंका घेतेस? लाज वाटत नाही?"

मला आमची पत्रकं आठवली. कुणाचा तरी फोटो, खाली भावनेला हात घालणारं वाक्य, शेवटी 'एवढं कराच'. आम्ही सगळे असंच लिहितो.

ताईंना उत्तर सुनंदानं दिलं. तिनं आवाजी संदेश टाकला. मागून केंद्रातला कम्प्युटर स्वच्छ मराठीत काहीतरी वाचताना ऐकू येत होता.

"ताई, फोटो आपांचा हाय, ठसा नाय. आपा सोता फाइल घेऊन आल्या होत्या, भरल्या हॉलमधी, तवा त्यांनीच नाय बसवू दिली. मंग त्यांच्या नावावर म्या कशी बसवू?"